नव्वावीस

दुसरीतली एक मुलगी अंक म्हणत होती. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, नव्वावीस, तीस.

मी म्हटलं, "एकोणतीस." तीही म्हणाली, "एकोणतीस." मग पहिल्यापासून सुरू केलं आणि अठ्ठावीसनंतर पुन्हा नव्वावीस. असं चार दिवस चाललं. चारही दिवस मी तिला थांबवलं, सुधारलं, म्हणून घेतलं, आणि मनातल्या मनात आम्हा शिक्षकांची ठरलेली कारणं मांडली. लक्ष नाही. घरी कुणी जवळ घेऊन बसत नाही. वडील ट्रॅक्टरवर, आई भांगलणीला.

पाचव्या दिवशी मी पोषण आहाराची नोंदवही भरत बसले होते, म्हणून तिला थांबवायचं राहून गेलं. ती आपली खिडकीशी उभी राहून म्हणत गेली. एकोणीस बरोबर म्हणाली, ते पाठ झालेलं होतं. पुढे मात्र नव्वावीस, तीस. अडतीस, नवतीस, चाळीस. अठ्ठेचाळीस, नव्वेचाळीस, पन्नास. अठ्ठावन्न, नव्वावन्न, साठ. माझा पेन थांबला. अडुसष्ट, नवसष्ट. अठ्ठ्याहत्तर, नव्व्याहत्तर. अठ्ठ्याऐंशी, नव्व्याऐंशी. आणि मग त्याच ठेक्यात, जराही न अडखळता: अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर.

सात चुका, आणि सातही एकाच साच्यातल्या. आधीच्या आकड्यातला आठ काढायचा, त्या जागी नऊ बसवायचा, बाकी शब्द तसाच ठेवायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या घरात, गल्लीत, अख्ख्या पंचक्रोशीत 'नवतीस' कुणी म्हणत नाही, म्हणजे ऐकून उचललेलं नव्हतं. तिने ते घडवलं होतं. शेवटच्या ठिकाणी तर तिचा नियम बरोबरच होता, कारण नव्याण्णवला आपण एकोणशंभर म्हणत नाही. नियम मोडला होता तो आपल्या भाषेने. आणि चार दिवस मी समजत होते की हिचं लक्ष नाही.

जरंडेश्वराच्या डोंगराच्या अंगाला आमची दोन शिक्षकी शाळा आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. ते मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. पट एकतीस. (यंदाचा. दरवर्षी जूनमध्ये आम्ही पट मोजतो तसं कुणी सोनंही मोजत नसेल.) नोकरीला तीस वर्षं होत आली. एकोणतीस म्हणायला हवं, पण त्या शब्दाशी माझा आता जरा वाद आहे.

ज्ञानरचनावाद हा शब्द मी ऐकला तो प्रशिक्षणात. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आल्यानंतरची ती वर्षं. तालुक्याच्या गावी एका हॉलमध्ये साठ-सत्तर शिक्षक, पंखे बंद, आणि तज्ज्ञ मार्गदर्शक व्याख्या सांगताहेत: मूल स्वतःच्या पूर्वानुभवांच्या आधारे ज्ञानाची रचना स्वतः करते. लिहून घ्या. आम्ही लिहून घेतली. त्यांनी ती दोनदा सांगितली, कारण मागच्यांचं राहिलं होतं. तेव्हा त्यात कुणालाच काही विसंगत वाटलं नाही, मलाही नाही. मुलं कशी शिकतात यावर काम केलेले दोन मानसशास्त्रज्ञ, पियाजे आणि वायगॉट्स्की, डी.एड.ला असेच पाठ केले होते. दोघांचा जन्म १८९६ चा, त्यामुळे एक सन पाठ केला की दोघांचं भागायचं, हे तेवढं पक्कं लक्षात होतं.

मग २०१५ उजाडलं. जून महिन्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि हा पुस्तकातला शब्द थेट आमच्या फरशीवर उतरला. आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटाचं (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) नाव तोवर राज्यभर झालं होतं. गाड्या भरभरून शिक्षक साताऱ्याला यायचे, त्या शाळा बघून जायचे. आम्हीही गेलो. मी एका वर्गात तासभर बसले. पहिलीतली पोरं खाली घोळक्याने बसून दशकांचे गठ्ठे मांडत होती, आपसात भांडत होती, आणि बाई त्यांच्यात कुठेतरी होत्या, शोधाव्या लागत होत्या. तो तास मी अजून विसरलेले नाही.

पण परत येताना गाडीत आम्ही बोललो ते रंगाबद्दल. ऑइलपेंट कोणता, फरशी आधी घासून घ्यावी लागते का, तळफळा, म्हणजे पोरांच्या हाताला येणारा भिंतीवरचा खालचा फळा, किती उंचीवर. दिवाळीच्या सुट्टीत लोकवर्गणीतून डबे आणले. गुरुजी आणि मी गुडघ्यावर बसून शंभरपर्यंतचा तक्ता, सापशिडी, बाराखडीचं चक्र, घड्याळ असं सगळं रंगवलं. गुडघे महिनाभर बोलत होते. शंभर मण्यांच्या माळा ओवल्या, चिंचोके जमवले, आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून ठेवले. तपासणीला एक साहेब आले. दारातूनच त्यांनी फरशी बघितली, फोटो काढला आणि विचारलं, "म्हणजे वर्ग ज्ञानरचनावादी झाला ना?" मी म्हटलं, "हो साहेब." खोटं बोलतेय असं वाटलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

आणि त्याच रंगवलेल्या तक्त्यावर उभं करून मी त्या मुलीला चार दिवस एकोणतीस, एकोणतीस म्हणायला लावत होते.

पियाजेची एक गोष्ट डी.एड.ला कुणी सांगितली नव्हती. ती मी फार उशिरा वाचली. हा माणूस मुळात जीवशास्त्राचा. १९१९ च्या सुमारास पॅरिसला गेला, तिथे मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या प्रमाणित करण्याचं काम मिळालं. काम म्हणजे किती मुलांचं किती बरोबर आलं ते मोजणं. त्याचं लक्ष मात्र बरोबर उत्तरांवरून उडालं. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकतात हे त्याला दिसलं, आणि तो मुलांना विचारत बसला: तुला हे असं का वाटलं? पुढचं आयुष्यभराचं काम तिथून निघालं. (१९१९ हे आम्हा सातारकरांना दुसऱ्या कारणासाठी पाठ असतं. त्याच वर्षी कर्मवीरांनी कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण एकदा डोक्यात शेजारी बसल्या त्या बसल्याच.)

म्हणजे या सगळ्या ज्ञानरचनावादाच्या मुळाशी मणी नव्हते. एक तरुण माणूस चुकीच्या उत्तरापाशी थांबला होता, एवढंच. घरातलं लहान मूल बोलायला लागतं तेव्हा हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. "मी करलं," म्हणतं ते. आपण कुणी 'करलं' म्हणत नाही, सगळे 'केलं' म्हणतो. पण धरलं, मारलं, भरलं यांवरून त्याने नियम काढलेला असतो आणि आपण हसून त्याचा गालगुच्चा घेतो. तेच मूल सहाव्या वर्षी शाळेत येतं, नवतीस म्हणतं, आणि आपण त्याला खाली बसवतो.

तर नव्वावीसचं काय करायचं? इथे मला पियाजेच्या दुसऱ्या एका भेदाचा उपयोग झाला. काही ज्ञान वस्तू हाताळून येतं: दगड जड आहे, पाणी ओघळतं. काही ज्ञान नात्यांचं असतं: तिसातून एक काढला की काय उरतं. ते मनातच बांधावं लागतं, कुणी आयतं देऊ शकत नाही. आणि काही ज्ञान निव्वळ समाजाचा ठराव असतो. एकोणतीस हा शब्द असा ठराव आहे. जगातलं कुठलंही मूल मण्यांशी कितीही खेळलं तरी त्याला तो शब्द आपोआप सापडणार नाही. तो सांगावाच लागतो. रचनावादाच्या नावाखाली मी मधली दोन-तीन वर्षं काहीच सांगायचं नाही असं व्रत घेतलं होतं. 'ळ' कसा काढायचा हेसुद्धा मुलांनी शोधावं म्हणून वाट बघत बसायचे. शोधतात कसले! त्यांनी ळचे इतके अवतार काढले की पाणिनी लाजला असता.

पण गंमत अशी की एकोणतीस या शब्दाच्या पोटात एक नातं दडलेलं आहे: तिसाला एक उणा. मी शब्द सांगत होते आणि नातं सांगत नव्हते. खरं तर तोवर माझ्याही ध्यानात नव्हतं. 'उणा' हा शब्द पोरांना माहीत नाही. दोन दिवस मी विचार करत होते की हे त्यांच्या ओळखीच्या कशाला टेकवायचं. तिसऱ्या दिवशी एस.टी.त बसले असताना सुचलं, कारण आमची एस.टी. पावणेदहाची आहे. पावणे म्हणजे पाव उणे. घड्याळ कळत नसलं तरी पावणेदहा हे दहाच्या अलीकडे असतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, कारण दहाला गेलं तर गाडी चुकते.

वर्गात तीन गठ्ठे मांडले. तीस. एक काडी काढून घेतली. "पावणेदहाची गाडी दहाच्या आदी येती का मागनं?" पोरं ओरडली, "आदी!" "का?" कुणी म्हणालं गाडीच तशी हाय, कुणी म्हणालं डायव्हर लवकर येतो. मी अजिबात न ठरवलेल्या वाटेने पंधरा मिनिटं गेली. शेवटी तीच मुलगी माझ्या हातातल्या एकट्या काडीकडे बघत म्हणाली, "धाला पाव कमी, तिसाला ह्यी कमी." मग काही वेळाने, स्वतःशीच, "एकोणचाळीस... चाळिसाला एक कमी." सातही जागा तिने एकेक करून बदलल्या. नव्याण्णवपाशी थांबली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ते नव्याण्णवच." का ते विचारलं नाही तिने, आणि मी सुटले.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जोडाक्षरांचा त्रास कमी व्हावा, आणि ऐकू येतो त्याच क्रमाने आकडा लिहिता यावा, अशी गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची भूमिका होती. विधानसभेतही त्यावर विनोद झाले. मी मात्र त्या पुस्तकाच्या बाजूने होते. 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिणारी पोरं मी वर्षानुवर्षं बघितली आहेत. कानावर पाच आधी पडतो, तो आधी लिहिला, यात त्यांचं काय चुकलं? जे हसत होते त्यांनी पहिलीच्या वर्गात एक आठवडा बसून बघावं असं फार वाटलं होतं. तरी एक कबूल करते. 'वीस नऊ' म्हटलं की तिसाचं नातं त्या शब्दातून निघून जातं. मी दोन्ही म्हणून घेते. पोरांना दोन नावांचा काही त्रास नसतो. त्यांच्यात प्रत्येकाला घरचं एक आणि हजेरीतलं एक असतंच.

वजाबाकीचा किस्सा मात्र असा गोड नाही.

तिसरीतला एक मुलगा. ५२ वजा २७, उत्तर ३५. खाली आणखी चार गणितं, चारही तशीच. मी लाल पेन उचलला आणि ठेवला. "कसं केलंस?" तो म्हणाला, "पाचातनं दोन गेलं तीन. सातातनं दोन गेलं पाच." म्हटलं, "पण सात तर खाली आहेत ना?" तो म्हणाला, "बाई, मोठ्यातनं बारकं काढायचं. तुमीच सांगिटलंय."

सांगितलंच होतं. पहिलीत, एक अंकी वजाबाकीच्या वेळी. "नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं" असं वाक्य मी स्वतः दहादा म्हणून घेतलं होतं. त्याने ते इमानाने जपलं आणि प्रत्येक घरात लावलं. त्याच्या चुकीची पायाभरणी माझ्या हाताची होती.

त्याच्या वडिलांची वडापावची गाडी आहे. मी त्याला म्हटलं, "बावन्न रुपये आहेत, सत्तावीसचा माल दिला, किती उरले?" डोळ्याची पापणी लवली नाही. "पंचवीस." म्हटलं, "आणि हे पाटीवर?" "पस्तीस." "दोन्ही तेच गणित ना?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की ज्याला व्यवहार कळत नाही अशा माणसाकडे बघतात. "बाई, ते गणित हाय. ह्ये पैसं."

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर फळं, नारळ विकणाऱ्या पोरांचा अभ्यास झाला होता, १९८५ साली प्रसिद्ध झालेला. पाचच मुलं होती त्यात. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांत त्यांची अठ्ठ्याण्णव टक्के उत्तरं बरोबर आली, आणि तीच गणितं कागदावर मांडून दिल्यावर सदतीस टक्के. हे मी वाचलं तेव्हा ब्राझील फार लांबचं वाटलं नाही. आमच्या गावच्या स्टँडवर तीच गोष्ट रोज घडते. मुलं अनुभव घेऊन येतात, त्यावर शाळा इमला चढवते, असं आम्ही म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळदा शाळा शेजारी एक वेगळीच खोली बांधते, आणि तिला आतून दार नसतं.

ते दार पाडायला मला दीड महिना लागला. दहाच्या नोटा, एकाची नाणी. सात सुटे द्यायचेत, हातात दोनच, मग काय करशील? "मोड आणीन." कुठून? "धाची नोट मोडून." आता हेच पाटीवर कर. रोज थोडं. मध्ये तो पुन्हा पस्तीसवर गेला, दोनदा. एका सोमवारी मी इतकी वैतागले की सरळ रीत सांगून टाकली: दशकाकडून एक उसना घे, बारातून सात वजा कर. गंमत म्हणजे त्याला ती लगेच कळली, कारण उसनं म्हणजे मोड हे तोवर त्याच्या हातात बसलं होतं. आधीच सांगितली असती तर? कदाचित तीही त्याने त्या दुसऱ्या खोलीत ठेवली असती. पण हे मी पैजेवर सांगणार नाही.

कारण दुसऱ्या बाजूचंही माझ्याकडे बरंच आहे. चौथीला अपूर्णांक शिकवताना एकदा मी कागद वाटले आणि म्हटलं, घड्या घाला, बघा काय काय सापडतं. दोन तासिकांनंतर सापडली ती चौदा विमानं. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी लिहिलेला एक निबंध आहे. त्यांचं म्हणणं, नवख्याला मार्गदर्शनाशिवाय सोडलं तर त्याची कार्यकारी स्मृती, म्हणजे एका वेळी डोक्यात धरता येतं तेवढी जागा, शोधाशोधीतच भरून जाते, शिकायला जागा उरत नाही. आमच्या ज्ञानरचनावादी मित्रमंडळींना हे आवडत नाही. मला चौदा विमानं आठवतात आणि मी गप्प बसते. १९७६ साली वूड, ब्रूनर आणि रॉस यांनी शिकणाऱ्याला द्यायच्या आधाराला जो शब्द वापरला तो बांधकामावरच्या परांचीचा. परांची नसेल तर गवंडी वर चढणार कसा, आणि काम झाल्यावर ती उतरवली नाही तर ते घर कसलं? यात खरी पंचाईत कधी उतरवायची याची आहे. ते कुठल्या शासन निर्णयात येत नाही.

आणि वेळ. एका मुलाच्या पस्तीसपाशी मी दहा मिनिटं बसते तेव्हा बाकीचे तीस जण काय करतात? वायगॉट्स्की म्हणतो, जे मुलाला एकट्याला जमत नाही ते जरा जाणत्याच्या सोबतीने जमतं. आमच्यासारख्या शाळांत हे तत्त्व म्हणून नाही, नाइलाज म्हणून चालतं. चौथीची पोरगी दुसरीतल्यांना घेऊन बसते. सांगतेही छान, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. कधी छातीठोकपणे चुकीचंही सांगते. ते निस्तरायला पुढचा आठवडा जातो. त्यातच माहिती मागवणारे मेसेज, ऑनलाइन भरणा, खिचडीचा हिशेब. काही दिवस मी अजूनही फळ्यावर लिहिते, मोठ्याने म्हणून घेते आणि घंटा वाजायची वाट बघते. तेव्हाही पोरं आत काहीतरी बांधतच असतात. काय बांधतात ते त्या दिवशी माझ्या कानावर येत नाही, इतकंच.

फरशीवरचा रंग आता बराच उडालाय. झाडून, पुसून, पोरांच्या पायांनी. पन्नासच्या पुढचे आकडे ठळक आहेत, कारण तिथे कुणी फारसं बसत नाही. पहिल्या तीन ओळी जवळजवळ गेल्या. पुन्हा रंगवायचं ठरतं आणि राहतं.

नव्वावीसवाली मुलगी यंदा चौथीत आहे. पहिलीतल्यांचा एक घोळका तिच्याकडे असतो. परवा ती त्यातल्या एकाला हाताला धरून घेऊन आली. "बाई, ह्यो इचारतोय, शंभराला एक कमी, तर एकोणशंभर का न्हाय?"

मला खरंच माहीत नव्हतं. प्रशिक्षणात शिकवलंय तसा चेहरा केला आणि म्हटलं, "अरे वा! तुला काय वाटतं?"

ती त्या पोराकडे वळून म्हणाली, "चल. बाईंना येत नसलं की बाई असंच इचारत्यात."